सुमनवहिनींच्या डेअरीत टॅबची परीक्षा

टॅब हा कॉम्प्युटर असतो की नसतो, यावर आमच्या नातेवाइकांत बरीच मतं आहेत. त्यांतलं चुकीचं मत माझं आहे, हे आता सगळ्यांनी मान्य केलंय. मीसुद्धा.

मी सांगलीत एका हळदीच्या व्यापाऱ्यांकडे दिवाणजी आहे. मागच्या दिवाळीत मालकांनी मिठाईच्या पुड्याऐवजी प्रत्येकाच्या हातात एकेक टॅब ठेवला. (पुडाही मिळेल का, असं विचारायचा धीर कुणाला झाला नाही.) तेव्हापासून मी त्यावर हळदीचे भाव बघतो, भजनं ऐकतो आणि बायकोच्या माहेरच्या लग्नांचे फोटो मोठे करकरून त्यांत आपण कुठे दिसतो का ते शोधतो. एवढ्या शिदोरीवर मी स्वतःला कॉम्प्युटरमधला माणूस समजायला लागलो होतो. समजायला काही लागत नाही!

माझी थोरली बहीण रहिमतपूरला असते. तिला आम्ही अक्का म्हणतो. अक्काची मुलगी शीतल गणितात पदवीधर आहे, आणि पुण्यातल्या एका कंपनीची परीक्षा तिला घरी बसून ऑनलाइन द्यायची होती. परीक्षा साधी नव्हती. शीतलचे वडील, म्हणजे आमचे दाजी, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यांनी हुकूम काढला होता, "ह्या खेपेला नोकरी लागली तर पुन्याला जा. न्हाईतर कुंडलचं स्थळ बघायचं." कुंडलच्या मुलाकडे ऊस होता, विहीर होती आणि मिशा होत्या. शीतलला तिन्हींत रस नव्हता.

परीक्षा दोन दिवसांवर आली आणि अक्काने दिवाळीची साफसफाई आठवून घर झाडायला काढलं. त्यात शीतलचा लॅपटॉप सापडला. "लय धूळ बसली हुती," असं म्हणून अक्काने तो ओल्या फडक्याने आतून-बाहेरून पुसला, आणि मग नीट वाळावा म्हणून पापडांशेजारी उन्हात ठेवला. पापड चांगले झाले.

शीतलचा रडवेला फोन आला. "मामा, सूचनांत लिहिलंय, पर्सनल कॉम्प्युटरच पाहिजे. आता काय करू?"

"रडतेस काय? टॅब घेऊन येतो."

"पण मामा, टॅब म्हणजे पीसी का?"

"अगं, पर्सनल म्हणजे वैयक्तिक. माझ्या टॅबला मी तुझ्या मामीलासुद्धा हात लावू देत नाही. याहून वैयक्तिक काय असायचं?"

मामी, म्हणजे माझी बायको सुनीता, शेजारीच भाजी निवडत होती. ती म्हणाली, "अहो, तो कॉम्प्युटर असेल तर त्याला टॅब कशाला म्हणतात?"

"तुला मामी म्हणतात, म्हणून तू बाई नाहीस का?"

ती गप्प बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिच्या गप्प बसण्याचा अर्थ मला वेळेवर लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टॅब, बिनतारी कीबोर्ड आणि माऊस घेऊन रहिमतपूरला दाखल झालो. दाजी ओट्यावर बसले होते. त्यांनी टॅब हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"बटनं कुठायत?"

"आत आहेत, दाजी."

"आत? मग भाईर काढ की."

मी कीबोर्ड जोडला, माऊस जोडला, आणि लोणच्याच्या बरणीला टेकवून टॅब उभा केला. "आता बघा! झाला की नाही कॉम्प्युटर?"

दाजींनी शांतपणे गोठ्याकडे बोट दाखवलं. "उद्या आमच्या शेळीला खोगीर घालतो. तू बसून जा सांगलीला."

"आवं दाजी, काळ बदललाय!"

"काळ बदललाय रं. पन शेळी त्येवढीच हाय."

मी अपमान गिळला आणि कामाला लागलो. कंपनीने सरावासाठी एक चाचणी दिली होती. ती उघडताना टॅबने आधी कुरकुर केली, पण मला एक युक्ती माहीत होती. सेटिंगमध्ये एका ठिकाणी टिचकी मारली की टॅब समोरच्याला आपण कॉम्प्युटर असल्याचं सांगतो. (खोटं बोलतो, असं शीतल म्हणाली. नम्रपणे माहिती देतो, असं मी म्हणालो.) चाचणी उघडली! शीतलने ती धडाधड सोडवली. दाजींनी मान हलवली, फौजी माणूस हरल्यावर हलवतो तशी, अगदी थोडी. अक्काने माझ्यासाठी पुरणाचा घाट घातला. जेवताना मी मुलांच्या शिक्षणात तंत्रज्ञानाचं स्थान या विषयावर बराच वेळ बोललो. घरात मुलं नव्हती, पण विषय चांगला होता.

सकाळी अकराची परीक्षा. साडेदहाला शीतल आंघोळ-पूजा करून टॅबसमोर बसली. मी मागे हात बांधून उभा. तिने नाव घातलं, नंबर घातला, कळ दाबली. पडदा पांढरा झाला आणि मधोमध दोन ओळी आल्या.

दाजींनी चष्मा लावून त्या मोठ्याने वाचल्या. "हे उपकरण संगणक नाही. कृपया संगणकावरून प्रवेश करा."

स्वयंपाकघरातला कुकरसुद्धा शिट्टी द्यायचा थांबला.

"पाव्हनं," दाजी म्हणाले, "त्यो सोताच्या तोंडानं म्हनतोय, मी कम्प्युटर न्हाई म्हनून. आता तुमी कोन सांगनार?"

कोणीही शहाणा माणूस इथे कॉम्प्युटर शोधायला पळाला असता. मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. वाद घालायला!

"मॅडम, टॅबला पडदा आहे?"

"आहे सर, पण..."

"मेमरी आहे? कीबोर्ड जोडता येतो? हिशेब करतो? मग तुमची कॉम्प्युटरची व्याख्या तरी काय, ती सांगा मला!"

"सर, परीक्षेचं सॉफ्टवेअर टॅबवर चालत नाही."

"ही तुमच्या सॉफ्टवेअरची उणीव झाली! टॅबचा काय दोष?"

"सर, परीक्षार्थी तुम्ही आहात का?"

तेवढ्यात शीतलने माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. मुद्दा माझाच बरोबर होता, हे मी अजूनही म्हणतो. फक्त घरात म्हणत नाही.

अक्का पदर खोचून बाहेर आली. "आवं, सुमनच्या डेअरीत हाय की लॅपटॉप! दुधाचं माप त्येच्यातच लिवत्यात."

सुमनवहिनींची दूध डेअरी पुढच्या गल्लीत. आम्ही चौघं निघालो. पुढे शीतल, मागे दाजी, त्यांच्या मागे अक्का आणि शेवटी मी, टॅब छातीशी धरून. (तो का घेतला होता, मला विचारू नका. घाबरलेला माणूस आपली चूक बरोबर घेऊनच पळतो.)

सकाळचं दूध नुकतंच घालून झालं होतं. सुमनवहिनी फरशी धूत होत्या. आमचं ऐकून त्यांनी लॅपटॉपवरचं फडकं काढलं, दुधाच्या वजनकाट्याची वायर उपटली आणि म्हणाल्या, "घे बाई, पोरीच्या जातीला अडवून मी काय करू? पर नेट बंद हाय कालधरनं."

शीतलच्या मोबाइलला त्या जाड भिंतीआड रेंज नव्हती. दाजींच्या मोबाइलला कुठेच नव्हती, कारण तो ते घरी ठेवूनच फिरतात. मग सगळ्यांची नजर माझ्या छातीकडे गेली. टॅबमध्ये सिमकार्ड होतं!

"मामा, हॉटस्पॉट!" शीतल ओरडली.

टॅबवरून लॅपटॉपला नेट द्यायचं ठरलं. पण टॅबलाही डेअरीच्या आत रेंज येईना. मी टॅब हातात धरून सगळीकडे फिरलो. शेवटी मागच्या खिडकीबाहेर, हात पूर्ण वर केल्यावर, एक दांडी उगवली. जरा आणखी उंच गेलं तर दोन येतील, असा अंदाज सुमनवहिनींनी केला आणि दुधाचा एक रिकामा कॅन आणून उपडा ठेवला. मी चढलो. दोन दांड्या!

"म्हंजी ह्यो कम्प्युटर न्हाई," दाजी समाधानाने म्हणाले, "ह्यो टॉवर हाय."

परीक्षा सुरू झाली. नियम असा होता, की खोलीत दुसरं कुणी दिसायचं नाही, आवाज करायचा नाही, आणि कंपनीवाले कॅमेऱ्यातून बघणार. दाजी दाराबाहेर पहाऱ्याला उभे राहिले. असा पहारा त्यांनी सरहद्दीवरही दिला नसेल. कावळा बसला तरी "ए! सायलेन्स!" (कावळ्यापेक्षा त्यांचाच आवाज मोठा होता, पण सांगणार कोण?)

थोड्याच वेळात खिडकीतून शीतलची दबकी हाक आली. "मामा! कंपनीचा मेसेज आलाय. मागे एक व्यक्ती हात वर करून उभी दिसते म्हणतायत!"

मी गुडघ्यांत वाकलो. आता डोकं खिडकीच्या खाली आणि हात मात्र वर. दुधाच्या कॅनवर या अवस्थेत दीड तास काढायचा होता. माझं वय मी इथे सांगत नाही. गुडघ्यांना माहीत आहे.

तिकडून तात्या आले. तात्या गल्लीतले वडीलधारे, कान जरा जड, आवाज त्याच्या दुप्पट. त्यांनी मला बघितलं आणि थबकले.

"काय मोजतायसा?"

मी मानेने 'काही नाही' अशी खूण केली. तात्यांना ती संशयास्पद वाटली.

"रस्ता रुंद करनार हायसा व्हय? आमच्या ओट्याला हात लावायचा न्हाई, सांगून ठेवतो!"

मी ओठांवर बोट ठेवायला एक हात खाली आणला. आतून शीतल कळवळली, "मामा, गेलं! नेट गेलं!" हात पुन्हा वर.

एवढ्यात दोघंतिघं आणखी जमले. तात्यांनी त्यांना बातमी दिली, की सरकारी माणूस सर्व्हेला आलाय, आणि विचारलं तर बोलत नाही. एक बाई म्हणाली, "त्येच्या हातातलं ते मशिन बघा. फोटो काढून डायरेक्ट मुंबईला जात्यात." सगळ्यांनी आपापल्या ओट्यांकडे काळजीने पाहिलं. तेवढ्यात दाजी कोपऱ्यावरून आले, कमरेवर हात ठेवून सगळ्यांवर नजर फिरवली आणि कुजबुजत्या आवाजात गरजले (हे फक्त फौजी माणसाला जमतं), "परीक्षा चालू हाय. ह्यो माझा मेव्हना हाय. सगळ्यांनी, पीछे मुड!"

गर्दी हलली. जाता जाता तात्या म्हणाले, "मेव्हना हाय व्हय. तरीच." तरीच म्हणजे काय, हे मी नंतरही विचारलं नाही.

आता सगळं सुरळीत होणार, असं वाटलं आणि टॅब वाजला. सुनीता! शिवाय व्हिडिओ कॉल! फोन तोडायचा तर हात मोकळा नाही. आवाजाने शीतल बाद व्हायची. मी टॅब खाली तोंडाजवळ आणला आणि नाकाने लाल गोल दाबायला गेलो. नाक हिरव्यावर पडलं.

पडद्यावर सुनीता आली. तिला माझी फक्त नाकपुडी दिसत असावी.

"अहो, हे काय? कुठे आहात तुम्ही? चालला का टॅब?"

मी डोळ्यांनी 'ठेव, ठेव' म्हटलं. डोळे तिला दिसत नव्हते.

"अहो, बोला की! श्वास लागलाय का तुम्हाला?"

मी दुसऱ्यांदा नाक मारलं. या वेळी नेम बसला, फोन कटला. पण टॅब परत वर नेण्याच्या झटक्याबरोबर कॅनही हलला. मी डावीकडे गेलो, कॅन उजवीकडे गेला. खाली सुमनवहिनींनी फरशी धुऊन ओतलेलं पाणी होतं, त्यात मी बसलो. पण सांगायला अभिमान वाटतो, की टॅब वरच होता! पडतानासुद्धा दोन्ही हात ताठ! चिखलात बसल्या-बसल्या मी वर पाहिलं. एक दांडी होती. तसाच बसून राहिलो.

शेवटची वीस मिनिटं मी त्या चिखलातच काढली. अक्का येऊन बघून गेली. "बसलायस व्हय? बस, बस," म्हणाली. जणू मी ओट्यावर चहाची वाट बघत होतो.

शीतल बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा फुललेला होता. सगळे प्रश्न झाले होते. मधे नेट दोनदा गेलं, पण उत्तरं जपली गेली होती. तिने मला हात देऊन उठवलं, आणि मग इतकी हसली, की तिला कॅनवर बसावं लागलं. दाजी माझ्या पॅन्टकडे बघून म्हणाले, "चला, आंगूळ करून घ्या. तुमी आज लय ड्युटी केली." दाजींच्या तोंडून मला मिळालेलं हे एकमेव पदक.

घरी आल्यावर सुनीताला फोन करून सगळं खरं खरं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे कॉम्प्युटर नव्हता तर," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, "व्याख्येवर अवलंबून आहे." पलीकडे पुन्हा शांतता. या खेपेला तिचा अर्थ मला लगेच लागला.

शीतल परीक्षेत पास झाली. मुलाखतीला पुण्याला गेली. मुलाखत झाल्यावर आठवड्याभरात तिचा फोन आला, तिचा आनंद फोनमध्ये मावत नव्हता.

"मामा, निवड झाली! आणि तुमच्यामुळे झाली!"

माझी छाती भरून आली. "अगं, टॅबची मदत झालीच ना शेवटी?"

"टॅबची नाही. त्यांनी विचारलं, अवघड परिस्थितीत एखाद्या अवघड माणसाला तुम्ही कसं सांभाळलंत, ते सांगा. मी तुमचं सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"सगळं! तिथे बसलेल्या मॅडमच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. त्या म्हणाल्या, ही मुलगी यातून निभावली, तर आमच्या ऑफिसात काहीही निभावेल."

आमच्या घराण्यात आजवर कुणाचा वशिला म्हणून लागलेला नाही. माझ्या वशिल्याने मात्र भाचीला थेट पुण्यात नोकरी लागली. त्यासाठी मला फक्त एकच काम करावं लागलं, ते म्हणजे मी जसा आहे तसा असणं!