लाइट आली तेव्हा मी उंबऱ्याबाहेर होतो

"तू भाईरच थांब. आज मशीनची पूजा हाय."

मालक म्हणाले आणि मी उंबऱ्याबाहेर आलो. बारामती-इंदापूर रस्त्यावरचं वर्कशॉप. मी तिथला जुना टर्नर, लेथ मशीन चालवणारा. मालक माझ्या मुलाच्या वयाचे. मी त्यांना दादा म्हणायचो, ते मला अरे-तुरे करायचे. वर्षभर त्या लेथला माझा हात चालायचा. खंडेनवमीला चालायचा नाही. मी बौद्ध वस्तीतला. सवय झाली आहे, असं मी स्वतःला सांगायचो.

लाइट गेली होती. लेथचा खटका मात्र चालूवरच. मोटरला ड्राइव्ह बसवला होता, वेग कमी-जास्त करणारा डबा. लाइट सारखी जाते म्हणून मालकांनी त्याची सेटिंग अशी करून घेतली होती, की लाइट आली की मोटर आपोआप फिरावी. कामाची खोटी नको. म्हणून खटका कोणीच बंद करत नसे.

दिलीप, माझ्या जोडीचा टर्नर, झेंडूचा हार घेऊन लेथच्या चकजवळ, लोखंड पकडून फिरणाऱ्या तोंडाजवळ, गेला.

"दादा, आधी मेन खाली करा," मी दारातून म्हणालो.

"लाइटच न्हाय तर मेन कशाला, तात्या?" दिलीप हसला.

"आता पूजा ह्यो शिकवणार," मालक म्हणाले. सगळे हसले.

मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. करा तुमची पूजा, होऊ दे काय व्हायचं ते, असं मनात आलं. ते कालपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

दिलीप हाराचा दोरा चकला गुंडाळत होता. लाइट आली. ड्राइव्ह मोटरला झटका देत नाही, हळू उचलतो. त्यामुळं कळलंच नाही. दोरा ताणला, बोटं आत गेली. मी धावत जाऊन मेन ओढला. तेव्हा मला उंबऱ्यावर कोणी अडवलं नाही.

दिलीपला दवाखान्यात नेलं. चक धुऊन झाल्यावर मालक म्हणाले, "काम आडलंय. चालू कर."

"ती सेटिंग काढा. मग."

"सेटिंगचं काय न्हाय. खटका दिलीपनं चालू ठिवला व्हता."

"सगळेच ठेवत होतो, दादा. तुमच्या सांगण्यावरून."

चिंधीला हात पुसले आणि निघालो. परत गेलो नाही.

पण मी बाहेर कुठंच बोललो नाही. सगळीकडं मालकांचंच म्हणणं खरं ठरलं: दिलीप बेसावध होता. आता दिलीपही तेच मानतो. कन्हेरीत भावाच्या डेअरीवर बसतो, उजवा हात टॉवेलाखाली ठेवून.

काल त्याला सगळं सांगितलं. माझ्या मनात काय आलं होतं तेसुद्धा. त्यानं डाव्या हातानं कप पुढं सरकवला. मग म्हणाला, "च्या घे, तात्या." मी कप तसाच ठेवून उठलो.

उद्या खंडेनवमी. वर्कशॉप तेच, लेथ तीच. टर्नर नवे आहेत, सेटिंग जुनीच. विचारून आलो.

उद्या मी आत जाणार. मेन खाली करून कुलूप लावणार, किल्ली खिशात ठेवणार. दिलीपच्या हाताचं खरं काय ते सगळ्यांसमोर सांगणार. मग घाला हार.

बाहेर थांब म्हणाले, तर थांबणार नाही.