तापलीय, आजारी नाही

आमच्या जयनगरच्या गल्लीत त्यांना सगळे अक्का म्हणतात. घरातलं मराठी कानडीत मुरलेलं. वडिलांची जुनी गाडी त्या अजून स्वतः चालवतात आणि ती बंद पडली असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नाही.

परवा मला यशवंतपूर स्टेशनला सोडायला निघाल्या आणि भर उन्हात, ट्रॅफिकमध्ये इंजिन थांबलं. मागे हॉर्नचा नुसता कल्ला. अक्कांनी किल्ली फिरवून कान दिला. "बॅटरी सरी आहे, काही झालं नाही तिला. पेट्रोल वर येईना." बॉनेट उघडून पेट्रोलच्या पंपाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. तेवढ्यात दोन ऑटोवाले धक्का द्यायला सरसावले.

"हात लावू नका!" अक्का कडाडल्या. "आजारी नाही ती. तापलीय."

आपल्या पिण्याच्या पाण्यात रुमाल भिजवून त्यांनी पंपावर घातला. "स्वल्प थांब गं," हे मला नव्हे, गाडीला. मी घड्याळाकडे बघत होते. त्या मडगार्डवर हात ठेवून ताप उतरायची वाट बघत होत्या.

मग किल्ली फिरली आणि इंजिन एका दमात सुरू झालं. ट्रेन विसरून मी टाळी वाजवली.

एका ऑटोवाल्याने विचारलं, गाडी कुणाची?

अक्का तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "आमची."