एअर काढायला दोघं लागतात

आधीच सांगून टाकतो — भूत, भानामती, अंगात येणं, यातलं मला काही पटत नाही. म्हणजे नव्हतं पटत... म्हणजे अजूनही नाहीच. मी गॅरेजवाला माणूस. गाडीतून खडखड आली म्हणजे कुठंतरी बोल्ट ढिला आहे, एवढंच मला कळतं, आणि तो सापडेपर्यंत मला जेवण जात नाही. पण गेल्या वर्षीच्या, म्हणजे ८१ सालच्या उन्हाळ्यात एक गोष्ट झाली आणि तिच्यातला बोल्ट मला अजून सापडलेला नाही. तुमच्या मासिकातल्या अनुभवांच्या सदरात लोक लिहितात ते वाचून हसणाऱ्यांतला मी, आज स्वतःच लिहायला बसलोय. ओळखीच्या टायपिंग क्लासच्या मशीनवर मारतोय. मराठी चाळीसची परीक्षा पास आहे मी, कारकून व्हायचं होतं... ते राहू द्या. भराभर मारतोय, चुका सांभाळून घ्या.

माझं नाव दत्ता, वय चोवीस, मूळचा औशाकडचा. भोसरी एमआयडीसीत मागच्या गल्लीत माझं पत्र्याचं शेड आहे. एका बाजूला वेल्डिंगवाला, दुसऱ्या बाजूला लेथवाले काका, समोर एका कंपनीची लांबच लांब भिंत. हे शेड मी आणि नामदेवनं मिळून काढलं. नामदेव दिघीचा, तिथल्या जुन्या घरातला, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. काम आमचं फक्त डिझेलचं.

आता एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावरच आहे. डिझेल गाडीच्या पाइपात हवा शिरली की गाडी चालत नाही. आम्ही म्हणतो, गाडीनं एअर पकडली. मग ती काढायची. एकानं हातपंप दाबत राहायचं, दुसऱ्यानं फिल्टरवरचा छोटा एअर स्क्रू ढिला करून बघत राहायचं. आधी फेस येतो, बुडबुडे येतात, मग साफ डिझेलची धार. साफ धार आली की पंप चालू असतानाच स्क्रू आवळायचा. पंप आधी थांबला तर उघड्या स्क्रूतून हवा परत आत. म्हणून दोघं लागतात.

पहिल्याच दिवशी यावरून आमचं भांडण झालेलं. मी गाडीखाली पंप मारतोय, वर नामदेव बघतोय. मी विचारलं, "आलं का?" तो म्हणाला, "हाय, हाय." मला वाटलं डिझेल आलं. मी थांबलो. गाडी काही चालू होईना.

"अरे तूच म्हणालास ना हाय म्हणून?"

"एअर हाय म्हनलो मी. डिझेल हाय कधी म्हनलो?"

"मी डिझेलचं विचारलं होतं."

"मग नीट विचार की. तुमच्या औशाला काय इचारत्यात नि काय सांगत्यात, आमाला काय ठावं?"

लेथवाले काका मशीन बंद करून हसत बसले होते. शेवटी चहा पिऊन कायदा ठरला. तो "हाय" म्हणाला म्हणजे एअर आहे, मी दाबत राहायचं. "न्हाई" म्हणाला म्हणजे संपली, स्क्रू आवळतोय. त्यानंतर तीन वर्षं आमची एकही गाडी एअरसाठी परत आली नाही. मी खाली उताणा पडलेला, वरून त्याचं चाललेलं — हाय... हाय... हाय... न्हाई. आणि त्या 'न्हाई'बरोबर माझ्या हातातला पंप घट्ट व्हायचा. स्क्रू बंद झाला की डिझेलला जायला जागा नसते, त्यामुळं पंप दगडासारखा लागतो. ते हाताला कळतं.

मग नामदेव एका कंपनीत लागला. पर्मनंट. लग्न झालेलं, बायकोला दिवस गेलेले, कोण नाही म्हणेल राव? मीही आनंदानं हो म्हणायला हवं होतं. पण मी म्हणालो, "जा की. तुझ्यावाचून माझं काय अडलंय." त्यानं पाने पुसून खोक्यात ठेवले आणि गेला.

त्यानंतरचे आठ महिने... कसं सांगू. काम होतं, पण बोलायला कोणी नव्हतं. खोलीवर गेलो की स्टोव्हचा आवाज तेवढा. कधीकधी संध्याकाळी लक्षात यायचं, की सकाळपासून आपण फक्त "उद्या या" एवढंच बोललोय. दिघी तीन-चार किलोमीटर. सायकलवर पंधरा मिनिटं. एकदाही गेलो नाही.

अशात मारुतीभाऊ पिकअप घेऊन आले. वय पन्नाशीचं, चाकणहून खेड घाट चढून मंचरकडं लोखंडी सामान नेणार, येताना कांदा आणणार. पिकअप मूळची पेट्रोलची, कोणीतरी डिझेल इंजिन बसवलेलं, पण टाकीपासूनचा पाइप तोच जुना, बारीक. सपाटीला ठीक, भरून चढाला लागली की इंजिनला डिझेल पुरायचं नाही. मी सगळी लाइनच नवी करायची ठरवली. जाड पाइप, एकाऐवजी दोन फिल्टर, आणि मागं टाकीजवळ चासीला डिझेल पुढं ढकलणारा आणखी एक फीड पंप, भंगारातल्या ट्रकचा, हातानं दाबता येणारा.

काम झकास झालं. फक्त एक घोळ झाला. हातपंप गेला पार मागं आणि एअर स्क्रू पुढं बॉनेटखाली. एकटा माणूस दोन्हीकडं पोचतच नाही.

आता कोणीही शेजारच्याला हाक मारली असती. मी मारली नाही. "माझं काय अडलंय" म्हणालो होतो ना. मग काय, पंप मारायचा, खालून सरपटत बाहेर यायचं, पळत पुढं जाऊन स्क्रू आवळायचा. तेवढ्यात हवा थोडी आत जायचीच. गाडी चालू व्हायची, गल्लीत पळायची, आणि घाटात मान टाकायची.

असं दोनदा झालं. दुसऱ्यांदा मारुतीभाऊ आले ते शांतपणे बाकड्यावर बसले.

"दत्ता, गाडी बंद पडली आन् माल भरलेला. ब्रेक धरंना. मागं सरकत गेली बघ. कठड्याला टेकली म्हनून बसलोय तुज्यासमोर."

मी हातातला पाना खाली ठेवला.

"शुक्रवारी सकाळी भरून जायाचंय. जमत नसंल तर तसं सांग. राग न्हाई माझा."

त्या रात्री मी ठरवलं — तिसऱ्यांदा फसलं तर शेड सोडायचं. माणसाचा जीव घेऊन कसलं गॅरेज चालवायचं? गावी जायचं. गावी तरी कोण आहे म्हणा... आई-वडील नाहीत, भावाच्या संसारात आपण पाहुणे. पण जायचं.

आणि नेमका राहिला गुरुवार. आमच्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते, माहीत असेलच. कंपन्या बंद, वर्कशॉप बंद, गल्ली अशी सुनसान की भिंतीपलीकडं कावळा पत्र्यावर चालला तरी ऐकू यावा. आता हाक मारावीशी वाटत होती, तर ऐकायला कोणी नव्हतं. वेल्डिंगवाला गावाला, काका घरी, चहाची टपरी बंद.

दुपारचे चार वाजत आले होते. लख्ख ऊन. मी फिल्टरखाली डबा ठेवला, एअर स्क्रू ढिला केला, दहा नंबरचा पाना मडगार्डवर ठेवला आणि मागं जाऊन गाडीखाली शिरलो. पंप मारायला लागलो. एरवी चाळीस-पन्नास दाबात काम होतं, म्हणून मनात मोजत होतो. तीस... पस्तीस... चाळीस... पन्नास झाले, म्हटलं आता पळावं पुढं.

तेवढ्यात पुढून आवाज आला, "हाय."

मोठ्यानं नाही. जसं रोज म्हणायचा तसं, अर्धं लक्ष स्क्रूकडं असल्यासारखं. आणि खरं सांगतो, मी दचकलो वगैरे काही नाही. हात तीन वर्षांच्या सवयीनं दाबतच राहिला. मनात एवढंच आलं, की आला वाटतं हा, सुट्टीच आहे आज. एवढं बरं वाटलं... ते मशीनवर मारता येत नाही.

"हाय."

मी दाबतोय. सत्तर. ऐंशी.

"अजून?" मी विचारलं.

"हाय."

शंभर झाले. अंगठा सुजला. इतकी एअर? पण तो हाय म्हणतोय म्हणजे आहे. पुढून पाय दिसतात का बघावं, हेही सुचलं नाही. एकशेवीसच्या पुढं कुठंतरी पाइपातून गुळगुळ आवाज माझ्या डोक्यावरून पुढं सरकत गेला. पाइप मी अ‍ॅक्सलवरून उंच नेला होता, त्या वळणात हवा अडकून बसली असणार. पन्नासला थांबलो असतो तर ती कधीच निघाली नसती.

"न्हाई."

आणि पंप माझ्या हातात घट्ट झाला.

वाचकहो, आवाजाचं मी सोडून देतो. एकटा माणूस, उन्हाची वेळ, कानात काहीही येऊ शकतं. पण पंप घट्ट झाला. तो कानात होत नाही.

मी हसतच बाहेर आलो. "नाम्या, चहा तरी..." म्हणत पुढं गेलो. कोणी नव्हतं. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी. एअर स्क्रू आवळलेला. पाना मडगार्डवर, मी ठेवला होता तिथंच. डबा डिझेलनं काठोकाठ. स्टार्टर मारला, अर्ध्या फेरीत गाडी चालू.

मी सायकल काढली आणि तसाच, डिझेलच्या हातानं, दिघीला गेलो. वाटलं, लपून मजा केली त्यानं, जाऊन दोन शिव्या द्याव्यात.

त्याच्या दारात चपलांचा ढीग. आत बायकांची गर्दी, मध्ये पाळणा. मुलीचं बारसं होतं. मला माहीतच नव्हतं. मुलगी झाली हेही माहीत नव्हतं.

नामदेव मला बघून गडबडला. "आरं... निरोप धाडला व्हता मी. शेडाला कुलूप व्हतं म्हनं." असेलही. मी म्हणालो, असू दे.

त्याच्या आईनं हातावर घुगऱ्या ठेवल्या. मी सहज विचारलं, "काकू, हा दुपारी कुठं गेला होता का?"

"ह्यो? ह्यो कुठं जातोय. रातपाळी करून आला, पोरीला पाळण्यात घालायच्या टायमाला भितीला टेकून घोरायला लागला की. समद्या बाया हसाय लागल्या."

त्याची वहिनी पाळण्यामागून म्हणाली, "घोरत असतं तर बरं. झोपंत आपलं हाय, हाय चाललेलं. मी इचारलं, भावजी, काय हाय? तर म्हनलं न्हाई, आन् उठून बसलं."

सगळ्या परत हसल्या. नामदेव लाजला. "दमलो व्हतो रं. सपान बी न्हाई, काय न्हाई."

घुगऱ्या माझ्या मुठीत तशाच राहिल्या. किती वाजता, हे मी विचारलं नाही. वहिनीच म्हणाली, "चारच्या टायमाला. मुहूर्तच चारचा व्हता."

शुक्रवारी मारुतीभाऊ माल भरून खेड घाट चढून गेले आणि संध्याकाळी कांदा घेऊन परत आले. गाडी कुठंही अडखळली नाही. नंतरही कधी नाही. मी शेड सोडलं नाही.

विचार करकरून थकलो. माझ्याच हातून स्क्रू आवळला गेला असेल, म्हणावं तर मी गाडीखाली होतो. कंपनानं आवळला असेल? कंपनानं स्क्रू ढिला होतो, आवळत नाही. एका शिकलेल्या गिऱ्हाइकाला सांगितलं, तो म्हणाला योगायोग. असेल. पण योगायोगाला दहा नंबरचा पाना धरता येत नाही.

आता दिघीला जातो मी, महिन्यातून एखाद्या वेळी. मुलगी चालायला लागली आहे. नामदेवला यातलं काही सांगितलेलं नाही. तो मासिकं वाचत नाही आणि नावंही इथं बदललीत. सांगायला हरकत नव्हती. पण तो घाबरट आहे. हे कळलं तर तो दुपारचा झोपायचाच नाही.