भुलीवर ढकललेली गोष्ट

हे आजवर कोणालाच माहीत नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्या जावेचं मी सगळ्यात जास्त नुकसान केलं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, तरी तुमच्यावरही माझा पूर्ण भरवसा नाही — रागावू नका, तसा तो कोणावरच नसतो. गॅसच्या टाकीचं सील मी दोनदा बघते. आठवडी बाजारात भाजीपेक्षा भाजीवालीच्या तराजूकडे माझं लक्ष जास्त. आमच्या मोताळ्यात म्हणतात, बाई मोठी चौकस, कॉलेजात जीवशास्त्र शिकवते ना! चौकस कसली? मी आधी अशी नव्हते.

माझा ओम तान्हा होता तेव्हा त्याचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आदल्या दिवशी मला समोर बसवून सांगितलं — पहाटेनंतर अंगावरचं दूधही नाही. पोट भरलेलं असलं तर भुलीत दूध वर येतं आणि फुप्फुसात जातं. हे मला समजावून सांगायची गरज तरी होती का? मी मान डोलावली.

सकाळी आमचा नंबर लांबला. आत कुठली तरी अडलेली बाई आली होती, आधी तिला घेतलं. ओम भुकेने किंचाळत होता. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "लेकराले उपाशी मारून राह्यले हे लोकं." माझं पोलकं दुधाने भिजलेलं. आणि मी — कसं सांगू — मी त्याला घेऊन बाथरूममध्ये गेले, कडी लावली आणि पाजलं. पोटभर पाजलं. बाहेर आले तेव्हा तो शांत झोपला होता. सासूबाई म्हणाल्या, "थकला बिचारा." मी हो म्हणाले.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. भुलीत दूध वर आलं, त्याला श्वास घेता येईना. ते डॉक्टर घामाघूम होऊन बाहेर आले आणि त्यांनी मला विचारलं, काही पाजलं होतं का, खरं सांगा. रागावून नाही विचारलं. पुढचा इलाज करायला त्यांना ते कळायला हवं होतं, आणि हे मला तेव्हाही समजत होतं. सगळं घर माझ्याकडे बघत होतं. मी नाही म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तरी — पण नाही, वर म्हणाले, तुमचं भुलीचं औषधच जास्त झालं असेल.

ओम वाचला. काही दिवस ऑक्सिजनवर राहिला आणि घरी आला. पण माझं ते वाक्य माझ्याही आधी घरी पोचलं होतं. भेटायला आलेला जो तो डॉक्टरांना शिव्या घालायचा आणि मी चहा द्यायचे. पुढे ते डॉक्टर त्या दवाखान्यात दिसेनासे झाले. का गेले? मी कधी विचारलं नाही.

खोटं टिकवायला पुरावा लागतो, आणि तो मला मोबाइलवर मिळाला. वाढत्या मेंदूवर भुलीचा काय परिणाम होतो, यावरचा एक लेख. जनुकं सगळ्या पेशींत तीच असतात, पण कुठलं केव्हा चालू राहील आणि केव्हा बंद, याची एक व्यवस्था असते. शेतातल्या मोटारीला वीज कधी सोडायची हे ठरलेलं असतं ना, तसं समजा. प्राण्यांच्या पिल्लांना भूल दिली तर मेंदूतली ही वेळ काही ठिकाणी बिघडलेली दिसते, असं त्यात होतं. मला केवढा आनंद झाला! ओम उशिरा चालला — भूल. बोबडं बोलतो — भूल. झोपलेल्या पोराच्या तोंडाकडे मी चोरासारखी बघत बसायचे. ह्याच्या डोक्यात काही बिघडलं असेल तर ते भुलीनेच ना? दुधाने नाही ना?

त्याच सुमारास पिंपळगाव राजाला माझ्या धाकट्या जावेला, सुनीताला, मुलगी झाली. पूर्वा. तिची टाळू फाटलेली होती. बोलायला लागायच्या आत ऑपरेशन करून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सुनीता पोरीला कडेवर घेऊन माझ्याकडे आली. "ताई, तुमी सायन्सच्या. तुमी सांगसान तसं करू."

मी तिला तो लेख वाचून दाखवला. जनुकं, मेंदू, पिल्लं — सगळं. खाली आणखीही लिहिलं होतं. माणसाच्या लेकरांचं अजून पक्कं सांगता येत नाही, एकदाच थोडा वेळ दिलेल्या भुलीने नुकसान होतं असं आढळलेलं नाही, आणि गरजेचं ऑपरेशन या भीतीने लांबवू नये. तिथवर आले आणि मी मोबाइल पालथा ठेवला. म्हटलं, थोडी मोठी होऊ दे.

भीतीपोटी केलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. ते खरं नाही. पूर्वाला भूल दिली असती आणि ती हसत उठली असती, तर कोणीतरी विचारलंच असतं — मग ओमलाच काऊन असं झालं? मला तो प्रश्न नको होता. एका तान्ह्या पोरीचं बोलणं गेलं तरी चालेल, पण तो प्रश्न नको.

ऑपरेशन शेवटी झालं, ती शाळेत जायला लागल्यावर. भूल दिली, उतरली, पोरीने उठून आईस्क्रीम मागितलं. टाळू जुळली. पण बोलण्याला लागलेलं वळण सुटलं नाही; सगळे शब्द नाकातून येतात, आणि वर्गातली पोरं नक्कल करतात. माझा ओम ठणठणीत आहे. फक्त गणितात मार्क कमी पडले की म्हणतो, "मले लहानपनी भूल चढली होती ना." तेही मीच शिकवलेलं.

गेल्या महिन्यात सुनीताकडे पाहुणे आले होते. त्यांनी पूर्वाला नाव विचारलं. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि तिने माझा पदर ओढला. असं ती नेहमीच करते. तिला वाटतं, मोठी आई आपल्याला सांभाळून घेते. सुनीता कौतुकाने पाहुण्यांना म्हणाली, "ताईशिवाय तिचं पानच हालत नाही."

मी तिचं नाव सांगितलं.