मिठाचं माप

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, आणि सुजातापाशी तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही तिला ओळखत नाही. यालाही भित्रेपणाच म्हणा.

वळ गावात, गोदामांच्या रांगेत आमची छोटी प्रयोगशाळा. औषधासाठी डीएनएचा धागा रसायनाने थोडा बदलायचा, आरएनएच्या धाग्याशी जुळवायचा, आणि द्रावणात ती जोडी तापवत न्यायची. तापत असताना दोन धागे उशिरा सुटले, तर जोडी पक्की. त्या द्रावणात मीठ असतं — आणि मीठ जास्त पडलं की कच्ची जोडीही धरून राहते. मी खाडीकाठच्या मिठागरवाल्यांची लेक. मिठाचं माप मला कुणी शिकवायला हवं होतं?

तर — माझी जोडी सगळ्यांत उशिरा सुटली. साहेबांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

पडताळणीसाठी तोच प्रयोग सुजाताकडे आला. ती नवीन, शेजारच्याच टेबलावर. तिची जोडी लवकर सुटायची — रोज. आठवड्याभराने फ्रिज आवरताना मागे एक बाटली सापडली. माझ्या प्रयोगासाठी पातळ केलेलं द्रावण, चिठ्ठीवर माझंच अक्षर, झाकणावरची पट्टी शाबूत — उघडलेलीच नाही. मग त्या दिवशी मी वापरलं काय? दहापट मिठाचं, मूळ द्रावण. जसंच्या तसं.

तेव्हाच सांगता आलं असतं ना? साहेब चार पावलांवर होते. मी बाटली बेसिनमध्ये ओतली, धुतली, पालथी घातली.

"ताई, माझ्याच हाताला काय झालंय गं?" सुजाताने त्याच दुपारी विचारलं.

"नीट मापत जा," मी म्हणाले. मी — तिला!

ती नीटच मापत होती. महिनाभर मापत राहिली. मग साहेब म्हणाले, पोरीचा हात कच्चा आहे, आणि तिला कायम केलं नाही. पुढे बाहेरच्या तपासणीत माझीही जोडी लवकर सुटली. काम गुंडाळलं गेलं. सुजाताला परत बोलवायचं कुणाला सुचलं नाही. मला सुचलं होतं. मला लाज वाटली — आणि लाजेपेक्षा नोकरी मोठी वाटली.

ती आता पूर्ण्याला एका गोदामात खोकी तपासते. गेल्या महिन्यात बाजारात भेटली, लेकीला घेऊन. लेकीला म्हणाली, "या मावशीचा हात बघ, एकदम पक्का. मम्मीला नाय जमलं ते."

पोरीने माझा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मी पाहू दिला.