चोवीस तासांतले नाना

कमलअक्कांचे नाना घरी येईपर्यंत पायात चप्पल घालायची नाही, असा मी एकदा नवस केला होता. धुळ्यातल्या आमच्या कॉलनीत आम्ही पाच-सहा जणी गुरुवारी पोथी वाचायला जमतो. अक्का सगळ्यांत मोठ्या. त्यांचे यजमान नाना, विसरण्याचा आजार जडलेले, सकाळी दूध आणायला गेले ते परतलेच नाहीत. पोलिसांत कळवून झालं होतं. देवापुढे दिवा आणि हातात मोबाइल, असे ते दिवस. त्यांतले किस्से अजून एकातून एक निघत राहतात.

* * *

पहिल्याच आठवड्यात मोबाइलवर बातमी दिसली, साक्रीच्या बाजारात अनोळखी वृद्ध सापडले. आम्ही गाडी करून गेलो. अक्कांनी नानांचा स्वेटर बरोबर घेतला होता.

तिथला चहावाला बातमी वाचून म्हणाला, "अक्का, हाई तर चार सालनी जुनी बातमी शे. त्या बाबा तवाच घर गयात."

परत येईपर्यंत स्वेटर अक्कांच्या मांडीवर तसाच होता, घडीसकट.

* * *

जळगावच्या माझ्या भाचीने, स्वातीने, मग आमच्या फोनमध्ये निराळं सर्च इंजिन टाकून दिलं. त्यात नवी सोय होती. गेल्या चोवीस तासांतलंच दाखव म्हटलं की तेवढंच दाखवतं. नको ती वेबसाइट कायमची बंदही करता येते.

आमच्यातल्या सुमनताईंनी आधी साक्रीची बातमी देणारी वेबसाइट बंद केली. "बातमीवर तारीख टाकायला यांचं काय जात होतं?"

* * *

शोधायला बसलो, तर सगळी देवळंच यायला लागली. चोवीस तासांतल्या ताज्या आरत्या! स्वातीला फोन केला. तेव्हा कळलं, सुमनताई शोधायच्या चौकटीत पत्रासारखं आधी 'श्री' लिहीत होत्या.

"मावशी, तो श्री काढायला सांग त्यांना."

"देवाला काढून माणूस शोधायचा?" सुमनताई अडून बसल्या.

अक्का हळूच म्हणाल्या, "श्री मनात म्हण गं. बोटाने नानांचं लिही."

* * *

त्या सर्च इंजिनात वरती थोडक्यात उत्तर येतं, आणि ते कुठून घेतलं तेही खाली असतं. एकदा आलं, 'उंच वृद्ध, पांढरी टोपी, हातावर गोंदण, धुळे.' अक्का उभ्याच राहिल्या. खाली पाहिलं, तर ती नाना हरवल्याची आम्हीच इंटरनेटवर टाकलेली सूचना.

"आपलंच आपल्याला सांगतंय," सुमनताई म्हणाल्या.

"म्हणजे कुणीतरी वाचतंय," अक्का म्हणाल्या, आणि पुन्हा बसल्या.

* * *

एका गुरुवारी पोथी संपल्यावर नवी नोंद दिसली, सहा तासांपूर्वीची. नशिराबादजवळच्या एका आश्रमात स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी लिहिली होती. 'आज सकाळी एक बाबा आले. नाव सांगत नाहीत. अर्धी भाकरी खाल्ली, अर्धी झाकून ठेवली.'

"चला," अक्का म्हणाल्या.

नाना ओसरीवर जेवत होते. अक्कांना त्यांनी ओळखलं नाही. झाकलेल्या भाकरीवर हात ठेवून म्हणाले, "हाई कमलनी शे."

अक्का म्हणाल्या, "तिले येवाले येळ शे. तवर मी बसू का आठे?"

नाना जरा सरकले. मग भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी अक्कांपुढे ठेवला.

आश्रमातल्या त्या बाईंनी उद्या लिहू म्हटलं नाही. तुमच्या ओट्यावर असं कुणी येऊन बसलं, तर तुम्हीही त्याच दिवशी लिहा.