पंगतीतून उठलेला मामा

डॉक्टरांनी हातमोजे काढून बादलीत टाकले आणि मला धोतर नीट करून बसायला सांगितलं. नगरच्या दवाखान्यातली ती लहानशी खोली होती. खिडकीला अर्ध्यावर हिरवा पडदा होता. माझी मान खाली होती. जी तपासणी नुकतीच झाली होती तिच्यानंतर कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवणं मला शक्य नव्हतं.

"ही मूळव्याध नाही," डॉक्टर म्हणाले. "याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात."

नाव ऐकून मला काहीच बोध झाला नाही. तेव्हा त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून दाखवलं. मोठ्या आतड्याला आतून अस्तर असतं, त्या अस्तराला जखमा होतात, त्यांतून रक्त आणि आव पडते. आतड्याला धीर धरवत नाही, म्हणून कळ आली की माणसाला थांबता येत नाही. आजार का होतो ते अजून नक्की कळलेलं नाही, असंही त्यांनी सांगून टाकलं. पुरता बरा होईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "बरा होईल असं खोटं सांगणार नाही. आटोक्यात ठेवता येईल."

मग मी विचारलं, "वैशाखात भाचीचं लग्न आहे. मला तिच्या पाठीशी उभं राहता येईल का?"

डॉक्टरांना वाटलं असेल, जिवावरच्या दुखण्यात याला लग्नाचं काय पडलंय. गंमत अशी, की त्या लग्नात मी पाठीशी उभं राहू नये असा निरोप मला आधीच मिळालेला होता. तो का मिळाला, हे सांगण्यासाठीच मी हे लिहितो आहे. ज्यांना हे दुखणं आहे त्यांना औषधं डॉक्टर सांगतील. लाजेवरचं औषध मात्र दवाखान्यात मिळत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी जामखेडच्या बाजूला रस्त्याच्या कामावर हजेरी कारकून होतो. खडी फोडायला गावंच्या गावं आलेली. बायाबापड्या, पोरंटोरं, म्हातारी माणसं, सगळी त्या उन्हात. झाडाचं पान दिसत नव्हतं. ज्याच्या आड बसावं असा आडोसा मैल-मैलभर नाही, आणि पाणी टँकरचं. अशा जागी माझं पोट बिघडलं.

सुरुवातीला मी मनावर घेतलं नाही. त्या वर्षी पोट कुणाचं चांगलं होतं? रेशनवरच्या मिलोच्या, त्या परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरीनं निम्मं गाव बेजार होतं. पण बाकीच्यांची पोटं ताळ्यावर आली आणि माझं येईना. हजेरी घेता घेता कळ यायची, तोंडाला घाम सुटायचा. मी पिशवीत टमरेल ठेवायला लागलो, ते वाजू नये म्हणून फडक्यात गुंडाळून. नाल्याच्या खड्ड्याकडे चालत निघालो की मागून बाया हसल्याचा भास व्हायचा. खरंच हसत होत्या की नाही, देव जाणे. त्यांना त्यांचे हाल कमी नव्हते.

रक्त दिसायला लागलं तेव्हा मी ते बायकोपासून, शांतापासूनही लपवलं. मूळव्याध असेल असं मीच ठरवलं आणि गुपचूप एका वैदूकडून मुळी आणली. शांता बेलफळाचा मुरंबा द्यायची, कुड्याची साल उकळून द्यायची, ताकभात कालवायची. तिला एवढंच माहीत होतं की नवऱ्याचं पोट नाजूक आहे. मी वाळत चाललो होतो, आणि दुष्काळात वाळलेल्या माणसाकडे कोण बघतो.

माझी थोरली बहीण, आक्का, जामखेडपासून दोन कोसांवर राहते. तिचा नवरा लवकर गेला. एकुलती एक मुलगी, सुमन, आणि एकुलता एक भाऊ मी. सुमन लहान असल्यापासून आक्का म्हणायची, हिच्या पाठीशी मामा उभा राहील, मला कशाची काळजी नाही. आमच्यात मंगलाष्टकांच्या वेळी मुलीच्या मागे मामा उभा असतो. बाप नसलेल्या पोरीच्या मागे तर तो असायलाच हवा.

पाथर्डीकडचं स्थळ जुळलं. सुपारी फोडायला आम्ही मुलाच्या गावी गेलो. निघायच्या आदल्या दिवसापासून मी अन्न सोडलं होतं. पोट रिकामं ठेवलं की कळ येत नाही, अशी माझी समजूत. ती चुकीची आहे हे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. उपाशी पोटीही कळ येते, वर अंगात त्राण राहत नाही.

सुपारी नीट फुटली. मग पंगत बसली. दुष्काळातही व्याह्यांनी गव्हाचा शिरा केला होता. त्यांना सगळे तात्या म्हणत. ते स्वतः हातात वाढणं घेऊन फिरत होते आणि मुलीचा मामा म्हणून मला सगळ्यांच्या मधोमध, पहिल्या ओळीत बसवलेलं होतं. मी पहिला घास उचलला आणि कळ आली.

आमच्याकडे पंगतीतून मध्येच उठत नाहीत. शेवटच्या माणसाचं होईपर्यंत हात वाळवत बसायचं, पण उठायचं नाही. भरल्या पानावरून उठणं म्हणजे त्या घराचं अन्न नाकारणं. तेही अशा वर्षात, की शिऱ्याचा वास घ्यायला शेजारची पोरं दाराशी उभी होती. मी श्वास रोखला, देवाचं नाव घेतलं, आणि उठलो. कुणाशी एक शब्द न बोलता, वहाणासुद्धा न घालता मी घरामागच्या निवडुंगाच्या कुंपणाकडे पळालो.

परत आलो तेव्हा सगळी पंगत हात आखडून बसली होती. कुणी जेवत नव्हतं. तात्या अंगणात हात जोडून उभे होते आणि त्यांच्या भावाच्या हातात नवा टॉवेल आणि टोपी होती.

"मामा, आमचं काय चुकलं असंल तर पदरात घ्या," तात्या म्हणाले. "मानपानात कमी-जास्त झालं असंल. पर पान सोडून जाऊ नका."

मला क्षणभर कळलंच नाही. मग उमगलं. यांना वाटत होतं, मामा रुसला. लग्नाकार्यात असं होतं. कुणाला टोपी आधी मिळाली, कुणाला नारळ दिला नाही, म्हणून माणसं पानावरून उठून जातात आणि त्यांची मनधरणी करावी लागते. पण रुसायचा हक्क मुलाकडच्यांचा. मुलीचा मामा, तोही परक्याच्या दारात, सुपारीच्या दिवशी रुसला, असं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. सहनही होत नाही आणि सांगताही येत नाही, तसलं दुखणं. मी टोपी घातली, टॉवेल खांद्यावर घेतला आणि पानावर बसलो. शिरा गार झाला होता.

परतीच्या बैलगाडीत आक्का माझ्याकडे पाठ करून बसली. पुढे तात्यांकडचा निरोप तिच्यामार्फत आला, की लग्नात पुन्हा असला प्रकार नको, पाठीशी चुलत मामाला उभं करा. मी शांताला म्हणालो, बरं झालं, उभं राहायची कटकट गेली. असं म्हणालो आणि गोठ्यात जाऊन रडलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी कामावर चक्कर येऊन पडलो. धोतर रक्तानं भिजलेलं कामावरच्या साऱ्यांनी पाहिलं. ज्या बायांच्या हसण्याला मी भीत होतो, त्यांनीच लुगड्याच्या आडोशाला मला नेलं, धुतलं आणि टेम्पोत घातलं. भिंगार मागे टाकून टेम्पो नगरात शिरला तेव्हा मला वाटलं, आता मेलो तरी चालेल, सगळ्यांनी पाहिलंच आहे.

दवाखान्यातले दिवस वाईट होते. आधी रक्त चढवलं. मग बेरियम एनिमा, म्हणजे मागच्या वाटेनं खडूसारखं पांढरं पातळ औषध आत सोडून आतड्याचा एक्स-रे काढतात. मग सिग्मॉइडोस्कोपी, म्हणजे दिवा लावलेली नळी आत घालून डॉक्टर डोळ्यांनी आतडं बघतात. गुडघ्यांवर आणि कोपरांवर ओणवं व्हावं लागतं. दुखतं थोडंच, वाटतं फार. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना एवढंच सांगतो, त्या नळीमागच्या माणसाला तुमची लाज दिसत नाही, जखम दिसते.

सल्फासॅलॅझिनच्या मोठ्या पिवळ्या गोळ्या चालू झाल्या. त्या जखमांची आग कमी करतात, लघवी पार नारिंगी होते, घाबरू नये. जोडीला प्रेडनिसोलोन, हे स्टेरॉइड. त्यानं तोंड सुजलं, भूक आली आणि झोप उडाली. वॉर्डच्या टोकाला एकच संडास, आणि त्याच्या दारासमोर मी खाट मागून घेतली. तिथे घाण येते म्हणून ती कुणाला नको होती. मला नगरातली सगळ्यांत सुखाची जागा तीच वाटली.

एका दुपारी आक्का आली. शांतानं तिला निरोप धाडला होता, आजाराचं नाव मात्र कळवलं नव्हतं. ती फडक्यात ज्वारीची भाकरी बांधून आली होती. कुठून मिळवली होती कुणास ठाऊक. ती खाटेवर टेकते न टेकते तोच मी उठून पळालो. परत आलो तर ती माझ्या खाटेखालच्या बादलीकडे आणि रक्ताच्या डागांकडे बघत बसली होती. मग मी तिला सगळं सांगितलं. कामावरचं, टमरेलाचं, पंगतीचं.

तिनं बादली पायानं आत सरकवली. मग म्हणाली, "मानासाठी रुसला म्हनून चार गावं तुला हसली. ते खपलं तुला. आन् आजारी हाय म्हनायची लाज वाटली व्हय रं, दत्तू?"

ती भाकरी कुस्करून माझ्या तोंडात घालत होती आणि स्वतः रडत होती. तात्यांना हे मीच सांगते, असं म्हणून ती उठली. मी नको नको म्हणालो. तिनं ऐकलं नाही.

लग्न आक्काच्या दारात झालं. मी दवाखान्यातून सुटून आलेलो, अंगात हाडं तेवढी उरलेली. मांडवामागे पोत्यांचा आडोसा केलेला दिसला. आत पाण्याचा भरलेला पिंप आणि वर टमरेल. ज्या गावात बाया घागरीसाठी भांडत होत्या तिथे तो पिंप भरून ठेवला होता. तात्यांनी आदल्या दिवशी बैलगाडीतून आणवला, असं मला मागाहून कळलं.

तात्यांच्याच सांगण्यावरून सुमनच्या मागे मी उभा राहिलो. भटजींनी अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. मी एक हात तिच्या खांद्यावर ठेवला होता, आधार तिला की मला, सांगता येणार नाही. दोन अष्टकं झाली आणि कळ आली. मी ओठ चावले. तिसऱ्याला डोळ्यांपुढे अंधारी आली. चुलत मामा शेजारीच उभा होता, त्याला आक्कानं आधीच सांगून ठेवलं असावं. मी हात काढला, त्यानं ठेवला. सुमनची मान किंचित वळली तेवढी मला दिसली.

अक्षता पडल्या, ताशे वाजले, ते सगळं मी पोत्यांच्या आडोशाला बसून ऐकलं. तो दिवस परत येणार नाही. गोळ्यांनी पुढे माझा आजार पुष्कळ आटोक्यात आला, वजन भरलं, नोकरी टिकली. पण आजही कुणाच्या लग्नात ताशा वाजला की मला पोत्याचा वास येतो आणि वाईट वाटतं. त्यावर औषध नाही.

मग पंगत बसली. मी मागच्या ओळीत, कडेला जाऊन बसलो. तात्या वरबाप, त्यांची जागा पुढे. ते उठून माझ्या शेजारी येऊन बसले. अर्धं जेवण झालं आणि मला उठावंसं वाटायला लागलं. मी पानाकडे बघत घाम पुसत होतो. तात्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"चला मामा," ते उभे राहत म्हणाले. "मला बी जायचंय."

वरबापच उठल्यावर बोलणार कोण? आम्ही दोघं मांडवामागे गेलो. ते आडोशाबाहेर पाठ करून उभे राहिले आणि तंबाखू मळत राहिले. त्यांना कुठेही जायचं नव्हतं. परत येऊन दोघं पुन्हा पानावर बसलो आणि पंगत चालू राहिली.

पुढे कितीतरी बारशी, वास्तुशांती, जावळं झाली. प्रत्येक पंगतीत तात्या माझ्या शेजारी. मी उठलो की तेही उठायचे. याबद्दल आम्ही एकमेकांशी कधी एक शब्द बोललो नाही. पोट चांगलं असलं की मी शेवटपर्यंत बसायचो, तेव्हा ते मला आग्रहानं वाढायचे.

ते गेले. त्यांच्या तेराव्याला मी सुपारी फुटली होती त्याच अंगणात, पहिल्या ओळीत बसलो होतो. दुखण्यानं त्या महिन्यात पुन्हा डोकं वर काढलं होतं. शेजारचा पाट दुसऱ्याच कुणाला दिलेला. कळ आली. इतक्या वर्षांच्या सवयीनं मी बाजूला पाहिलं. तो पाहुणा खाली मान घालून जेवत होता. मी तसाच बसून राहिलो.

सुमन आमटी वाढत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, भांडं खाली ठेवलं आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मामा, उठा. मागं पानी ठिवलंय."

मी उठलो. कुणी मान वर करून पाहिलंही नाही.